‘आहे’ आलं की आपलं वाक्य संपतं, इंग्रजीत काय करायचं?

परवा रात्री जेवण उरकून बसलो होतो तर भाच्याचा फोन, मामा, एक इंग्रजी मेल टाकलाय व्हॉट्सॲपवर, तेवढा तपासून द्या ना, सकाळी पाठवायचाय. बहिणीची जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात केळी आहे, दोन एकरांत तीन हजारच्या आसपास खोडं, बाग निसवलेली, म्हणजे घड बाहेर पडलेले, आणि वादळात जवळजवळ सगळी आडवी झाली. पीक विम्यासाठी नुकसान ७२ तासांच्या आत कळवायचं असतं ते त्याने कळवलं होतं पण पाहणीला कोणी फिरकलंच नाही, म्हणून विमा कंपनीला हा मेल. खरं तर मराठीत लिहिलं तरी तेवढंच चाललं पाहिजे असं माझं ठाम मत आहे, पण कोणीतरी त्याला सांगितलं इंग्रजीत लिही, लवकर बघतात.

मेल वाचला. स्पेलिंगची चूक एकही नाही, ते काम आता फोनच करून देतो. पण पहिलंच वाक्य असं होतं, अवर फील्ड इज इन रावेर तालुका, वी हॅव थ्री थाउजंड प्लांट्स, ऑन संडे नाइट स्टॉर्म केम, ऑल प्लांट्स फेल डाउन. चार पूर्ण वाक्यं आणि मध्ये नुसते स्वल्पविराम. मी पंधरा वर्षं दहावी-बारावीच्या वह्या तपासतोय आणि सगळ्यात जास्त लाल शाई याच चुकीवर गेलीय. व्याकरणाच्या पुस्तकात नियम सरळ असतो, दोन पूर्ण वाक्यं एकट्या स्वल्पविरामाने जोडायची नाहीत, एकतर पूर्णविराम द्या, नाहीतर अर्धविराम, नाहीतर अँड, बट, सो असं काहीतरी मध्ये घाला. मुलांना नियम पाठ असतो आणि तरी चूक होतेच, कारण वाक्य पूर्ण झालं हे त्यांना ऐकूच येत नाही.

मला वाटतं खरी गोष्ट इथे आहे. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं. शेत रावेर तालुक्यात आहे, झालं, त्या ‘आहे’ला कानाला कळतं की वाक्य संपलं, चिन्ह असो नसो. आमच्या खानदेशातल्या अहिराणीतही तेच, ‘शे’ आलं की वाक्य मिटलं. जुन्या मोडी लिपीत तर विरामचिन्हं नव्हतीच, शब्दसुद्धा तोडून लिहीत नसत, आणि तरी पिढ्यानपिढ्या सगळे व्यवहार चालले. आपल्याकडे विरामचिन्हं रुजवली ती इंग्रजांच्या काळात मेजर थॉमस कँडीने, मोल्सवर्थला त्याच्या मराठी-इंग्रजी कोशात मदत केली तोच हा कँडी. इंग्रजीत मात्र क्रियापद आधीच येऊन जातं, मग त्याच्यामागे जागा, वेळ, कारण कितीही लांबत जातं, त्यामुळे शेवट दाखवायला ठिपकाच लागतो. म्हणून मी भाच्याला म्हटलं, आधी प्रत्येक क्रियापदाला गोल कर, मग त्याचा कर्ता शोध, आणि अशी जोडी जिथे पूर्ण होऊन दुसरी सुरू होते तिथे थांबून बघ की मध्ये जोडणारं काही आहे का.

पुढे होतं, ऑलदो वी पेड द प्रीमियम, बट नोबडी केम. हे तर सरळ जरी-तरी आहे. आपल्याकडे जर आला की तर येतो, जेव्हा आला की तेव्हा येतो, जोडीशिवाय वाक्य लंगडं वाटतं. इंग्रजीत एकच पुरतो, ऑलदो ठेवलं की बट काढायचं. मग एक सुटं वाक्य, बिकॉज द ऑफिस वॉज क्लोज्ड. आपण ‘कारण’ने नवं वाक्य बिनधास्त सुरू करतो आणि ते शोभतं, पण बिकॉजचा तुकडा औपचारिक पत्रात एकटा सोडत नाहीत, मागच्या वाक्याला जोडावा लागतो. आणि सिन्स ट्वेंटी इयर्स तर असणारच होतं, कारण आपलं ‘पासून’ दोन्ही कामं करतं, २००४ पासून आणि वीस वर्षांपासून. इंग्रजीत सालाला सिन्स, कालावधीला फॉर, आणि वी आर ग्रोइंगच्या जागी वी हॅव बीन ग्रोइंग.

पण मला खरी काळजी वाटली ती शेवटच्या वाक्याची. डॅमेज्ड इन द स्टॉर्म, आय रिक्वेस्ट यू टू इन्स्पेक्ट द क्रॉप. त्याच्या मनात बाग होती पण इंग्रजीच्या हिशोबाने वादळात नुकसान झालं ते ‘आय’चं, कारण सुरुवातीचा असा तुकडा त्याच्या लगेच पुढे येणाऱ्या कर्त्याला चिकटतो. मराठीत ‘घरी येताना पाऊस लागला’ म्हटलं की घरी कोण येत होतं हे सगळ्यांना कळतं, पाऊस घरी येत नव्हता. हेच शब्दशः इंग्रजीत नेलं की पाऊसच घरी येतो. ही चूक चांगलं इंग्रजी लिहिणाऱ्यांकडूनही होते, अगदी इंग्रजांकडूनही, त्यामुळे यात लाज वाटण्यासारखं काही नाही, फक्त असा तुकडा लिहिला की ‘कोण?’ विचारायचं आणि पुढच्याच शब्दात उत्तर आहे का बघायचं.

फोन स्पीकरवर होता, मागून बहीण म्हणाली, इतलं काय चुकनं रे भाऊ? मी म्हटलं ताई, पोरगं चुकलं नाही, त्याने मराठीच लिहिलंय, फक्त इंग्रजी शब्दांत. मी स्वतः इंग्रजी पाचवीत शिकायला लागलो, आता २००० पासून पहिलीलाच असतं, तरी त्याच जागी मुलं अडखळतात, कारण मराठीत हे वाक्य कसं उभं राहतं आणि इंग्रजीत कसं, हे शेजारी ठेवून त्यांना कोणी दाखवत नाही, नुसती लाल रेघ मारतात, मीही कितीतरी वर्षं तेच केलंय.

मग त्याला सांगितलं की इंग्रजी बाजूला ठेव, झालं काय ते मला अहिराणीत सांग, दम घेत घेत सांग. तो सांगत गेला आणि जिथे थांबला तिथे आम्ही पूर्णविराम टाकला. नऊ वाक्यं झाली. शेवटचं त्याने स्वतःच बसवलं, द स्टॉर्म डॅमेज्ड अवर क्रॉप, अँड आय रिक्वेस्ट यू टू इन्स्पेक्ट इट. मी काही बोलायच्या आत म्हणाला, मामा, दोन क्रियापदं झाली पण मध्ये अँड आहे, चालेल ना? चालेल म्हटलं. साडेअकरा वाजून गेले होते, तो म्हणाला सकाळची वाट कशाला बघू, आणि आत्ताच पाठवतो म्हणून फोन ठेवला.