तुम्ही विचारलंत म्हणून : पंख्याचा कंडेन्सर आणि देवघराची जाळी

मी घरच्या घरी स्पीकर बनवते. आलेला पाहुणा आधी गाणं ऐकतो, मग उठून स्पीकरच्या मागे वाकून बघतो, आणि मग तीन प्रश्न ओळीने येतात. "घरी केलेत?" "तुम्ही?" आणि "हे सगळं सामान स्वस्तात कुठे मिळतं हो?" पहिल्या दोघांना 'हो' म्हणून भागतं. तिसऱ्याला मी आजवर पुण्यातली तपकीर गल्ली आणि जुना बाजार, मुंबईचा लॅमिंग्टन रोड अशी नावं सांगत आले. लोक तिथे गेले आणि भलतंच घेऊन आले. म्हणून आता एकदा बैजवार लिहूनच टाकते.

आधीच सांगते, पहिली जोडी स्वस्तात होत नाही. माझ्या पहिल्या जोडीवर जेवढे पैसे गेले तेवढ्यात दुकानातली बरी जोडी आली असती, आणि ती दिसायलाही सरळ असती. तिसऱ्या जोडीपासून हिशेब जमायला लागला. तोवर मी हत्यारं आणि अक्कल दोन्ही विकत घेत होते. अक्कल जास्त महाग पडली.

जुन्या बाजारातली गोष्ट. एका रविवारी सकाळी तिथे एका पथारीवर आठ इंची वूफर, म्हणजे खालचा आवाज काढणारे स्पीकर, दिसले, दोन. कापडी कडा, कागदी कोन (पुढचा हलणारा शंकू), मागे भलं दांडगं चुंबक. दोन्हींवर एकच स्टिकर, '८ ओहम', म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप. माणसाने बाराशे सांगितले, मी आठशेला आणले आणि दिवसभर स्वतःवर खूश होते. संध्याकाळी ते माप तपासायला मल्टिमीटर लावला. एकाने दाखवले ६.४, दुसऱ्याने ३.४. आठ ओहमचा स्पीकर मल्टिमीटरवर साधारण सहा-सात दाखवतो, चारचा तीन-साडेतीन. म्हणजे दुसऱ्याची कॉइल, कोनामागची तारेची गुंडाळी, कधीतरी जळली होती आणि कुणीतरी हाताला लागली ती कॉइल घालून नवा कोन चिकटवला होता. पुढच्या रविवारी त्या जागी दुसराच माणूस चपला विकत होता.

तेव्हापासून मल्टिमीटर पर्समध्ये असतो. अडीच-तीनशे रुपयांचा साधा चालतो. या छंदात यापेक्षा जास्त पैसे वाचवणारी वस्तू मी पाहिली नाही. मीटर लावून झाला की दोन्ही हातांची बोटं कोनावर गोलाकार ठेवून तो अगदी हळू, सरळ आत दाबायचा. आतून खरखर आली की कॉइल घासते आहे, ठेवून द्यायचा. पेन्सिल सेल क्षणभर टेकवला तर 'टक' आवाज होऊन कोन हलला पाहिजे. हे करू न देणाऱ्याकडून मी काही घेत नाही. बुधवार पेठेतल्या एका दुकानदाराने मीटर बघून तोंड वाकडं केलं होतं. दुसऱ्याने मात्र पुढ्यातला माल बाजूला सारला आणि म्हणाला, "थांबा ताई, मग तुम्हाला आतला दाखवतो."

घरी आणल्यावर खरं मोजमाप. १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थिएल यांनी आणि सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी पेटी आणि वूफर यांचं गणित बसवून दिलं, त्यामुळे आता अंदाजपंचे पेटी करायचं कारण उरलेलं नाही. लॅपटॉप, एक शंभर ओहमचा रेझिस्टर, थोडी वायर आणि आरईडब्ल्यू नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर एवढ्यावर कोणत्याही बेवारस वूफरची कुंडली निघते: कोन स्वतःहून कुठल्या हर्ट्झला डोलतो, त्याला किती लिटरची पेटी लागेल. मधल्या एका पायरीला कोनावर माहीत असलेलं वजन चिकटवावं लागतं. मी मोठ्या हुशारीने रुपयाचं नाणं ठेवायला गेले. हल्लीची नाणी चुंबकाला चिकटणाऱ्या स्टीलची असतात, ते जे मधोमध जाऊन बसलं ते बसलंच. आता मुलांच्या खेळातली क्ले वापरते, स्वयंपाकघरातल्या काट्यावर दहा ग्रॅम तोलून.

कुठे मिळतं यापेक्षा काय घेताय हे आधी ठरवा, असं मी म्हणते ते यासाठी. पेटी किती लिटरची आणि वूफर कुठल्या आकड्यांचा हे कागदावर नसेल तर बाजारातली प्रत्येक वस्तू स्वस्तच वाटते. गणपती झाले की साउंडवाले जुने बारा-पंधरा इंची वूफर काढून टाकतात, किमती ऐकून हात शिवशिवतात. पण ते मैदानावर लांबपर्यंत आवाज फेकायला केलेले असतात. बैठकीच्या खोलीत मावेल एवढ्या पेटीत घातले तर खालचा बास गायब. माझ्या भाच्याने तरी घेतले. सध्या त्यांवर कुंड्या आहेत.

वूफर आणि बारीक आवाज काढणारा ट्विटर यांवर मी पैसे वाचवत नाही, आणि एकूण खर्चाचा दोन तृतीयांश भाग तिथेच जातो. नवे परवडत नसतील तर एक रस्ता मात्र चांगला आहे. लोकांचा ॲम्प्लिफायर जळतो, दुरुस्तीवाला 'पार्ट मिळत नाही' म्हणतो आणि मग जोडीचे धडधाकट स्पीकर 'घरात अडचण' म्हणून विकायला निघतात. असे अख्खे स्पीकर, पेटीसकट, नुसत्या वूफर-ट्विटरच्या किमतीच्या निम्म्यात मिळतात. फोटो मागवताना समोरचा मागवू नका, कोनाच्या कडेचा जवळून मागवा. कड फोमची असेल तर आपल्या हवेत दहा-पंधरा वर्षांत तिचा भुगा होतो, बोट लावलं की काळं पीठ हाताला येतं. ती बदलता येते, पण तो खर्च किमतीतून वजा करून बोला. रबराची किंवा कापडाची कड असेल तर फार घासाघीस न करता घेऊन टाका.

परदेशातून मागवणं मी जवळजवळ सोडलं. चुंबकाला वजन असतं, आणि वाहतूक अधिक कस्टम मिळून वस्तूची किंमत कुठल्या कुठे जाते. चौघांनी मिळून एक खोकं मागवलं तरच परवडतं, आणि चौघांचं एकमत होईपर्यंत ते मॉडेल बंद होतं.

आता माझ्या आवडीचा भाग, क्रॉसओव्हर. वूफरकडे जाड आवाज आणि ट्विटरकडे बारीक आवाज वाटून देणारी ही सर्किट. तिच्यात लागणारे पॉलिप्रॉपिलीनचे (हे एक प्लास्टिक) कपॅसिटर 'ऑडिओ' म्हणून घेतले तर एकेकाला पाचशे-सातशे पडतात. तोच पॉलिप्रॉपिलीन आपल्या डोक्यावर फिरतोय. पंख्याचा कंडेन्सर, म्हणजे कपॅसिटरच! २.५, ३.१५ आणि ४ मायक्रोफॅरड (हे कपॅसिटरचं माप), ४४० व्होल्टचा, कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात पन्नास-साठ रुपयांना. क्रॉसओव्हरच्या गणितात ५.६ आलं की एक २.५चा आणि एक ३.१५चा शेजारी शेजारी (समांतर) जोडायचा, झाले ५.६५. आकाराने थोराड असतात, पण पेटीच्या आत कोण बघतंय. पंख्यातून काढलेला जुना मात्र घेऊ नका. पंखा हळू फिरायला लागतो तो बहुतेक वेळा याचे मायक्रोफॅरड उतरल्यामुळेच.

मी पहिल्यांदा आठ कंडेन्सर मागितले तेव्हा दुकानदार काळजीत पडला. "ताई, आठ पंखे एकदम बिघडले? व्होल्टेजचा प्रॉब्लेम असेल, आधी मीटर चेक करून घ्या." मी खरं सांगितलं. त्याला ते पटलं नाही, पण पुढच्या वेळी त्याने छापलेल्या आकड्याच्या ५ टक्क्यांच्या आतले आपणहून निवडून ठेवले होते.

क्रॉसओव्हरमधली कॉइलही तशीच. तयार कॉइल महाग, आणि बाजारात हवं ते माप हमखास नसतं. मोटारी रिवाइंड करणाऱ्याकडे मात्र एनॅमलची तांब्याची तार किलोवर मिळते. आमच्याकडचे वाइंडिंगवाले काका साठीचे आहेत, हाताने फिरवायचं मशीन, त्यावर वेढे मोजणारा पितळी काउंटर. मी पीव्हीसी पाइपचा तुकडा आणि प्लायच्या दोन चकत्या यांची रीळ करून नेली होती. अर्ध्या मिलिहेन्रीची (हे कॉइलचं माप) कॉइल हवी होती. त्या मापाच्या रिळावर १८ गेजच्या तारेचे शंभर-सव्वाशे वेढे लागतात.

"किती टर्न?"

"सव्वाशे मारा काका. मग मी सोडवत येते."

"सोडवत?"

ते गुंडाळत होते आणि मी शेजारच्या स्टुलावर कॉइल-कपॅसिटर मोजणारा माझा छोटा एलसीआर मीटर काढून बसले. टोकांचं एनॅमल पॉलिश पेपरने घासलं, मीटर लावला, ०.६२. पाच वेढे सोडले, पुन्हा घासलं, पुन्हा मोजलं. ०.५७. मग तीन. मग दोन. काकांनी हातातलं काम थांबवलं होतं, त्यांचा पोऱ्याही येऊन उभा राहिला. ०.५० दिसलं तेव्हा मी तार कापली. काका म्हणाले, "चाळीस वर्षं लोक माझ्याकडे तार भरून घ्यायला येतात. सोडवायला आलेल्या तुम्हीच." मग त्यांनी सोडवलेली तार काट्यावर टाकली आणि तिचे पैसे बिलातून कमी केले. कॉइल दोनशे ग्रॅमच्या आतच भरली. तांब्याचा भाव रोज बदलतो म्हणून रुपये सांगत नाही, पण तयार कॉइलच्या तिसऱ्या हिश्शात काम झालं, आणि चहा त्यांनीच पाजला.

लाकडाला अख्खा बोर्ड घ्यायची चूक सगळे करतात, मीही केली. बाहेरून ३८ बाय २२ बाय २६ सेंटिमीटरची पेटी १८ मिलिमीटरच्या प्लायमध्ये केली तर आत १४ लिटर जागा उरते, सहा-साडेसहा इंची वूफरला पुष्कळदा पुरेशी. अशा दोन पेट्यांना दहा-अकरा चौरस फूट प्लाय लागतो. अख्खा बोर्ड बत्तीस चौरस फुटांचा. म्हणजे दोन तृतीयांश पलंगाखाली. त्यापेक्षा मॉड्युलर किचनवाल्यांच्या वर्कशॉपमध्ये जा. त्यांच्याकडे तुकड्यांचा ढीग असतो आणि काटकोनात कापणारी मोठी पॅनल सॉ असते. तुकडे आणि कटिंग दोन्हींचं तिथेच ठरवायचं, दुपारी जेवणानंतर जायचं, सकाळी ते ओरडतात. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड, स्वस्त आणि गुळगुळीत, पुण्यात चालून जातो. रत्नागिरीला बहिणीला करून दिलेल्या जोडीचा तळ मात्र एका पावसाळ्यात पुरीसारखा फुगला. कोकणात आयएस ७१० हा मानक क्रमांक छापलेला मरीन प्लायच घ्या, जास्त पैसे गेले तरी.

गोल भोकांसाठी मी जिगसॉ विकत घेतली होती. पुण्याच्या बोहरी आळीतून, चांगला भाव करून. तिने कापलेलं भोक गोल सोडून सगळं होतं. सौदा चांगला, हात वाईट. मग कळलं की देवघराच्या जाळ्या कापणाऱ्यांकडे सीएनसी, म्हणजे संगणकाच्या फाइलवरून कापणारं, मशीन असतं. मी फाइल घेऊन गेले. त्यांच्या मशीनवर मोराची जाळी चालू होती आणि बोर्डाच्या कडेला नऊ इंचांची पट्टी वाया जाणार होती. त्या पट्टीतच त्यांनी माझे दोन्ही पुढचे पॅनल बसवले, वूफरची कड आत बसावी म्हणून पाच मिलिमीटरची खाचही मारली. पॅनलमागे दीडशे रुपये. तेव्हापासून जिगसॉ माळ्यावर. हत्यार घेण्याआधी ते काम रोज करणारा माणूस शोधा. क्लॅम्पसुद्धा मी चारच घेतले, बाकी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून गुंडाळते आणि वर पाटा-वरवंटा ठेवते. फेव्हिकॉल सुकेपर्यंत घरात चटणी मिक्सरमध्ये.

बाकीचं किरकोळ. पेटीत भरायला गादीवाल्याकडचा उशीत घालायचा पॉलिएस्टर कापूस, पाव किलो. हवेच्या भोकाला प्लंबिंगचा पीव्हीसी पाइप: वरच्या १४ लिटरच्या पेटीला ५० हर्ट्झवर आणायचं तर आतून पाच सेंटिमीटर व्यासाचा तेरा सेंटिमीटर लांब तुकडा. वायर म्हणाल तर घरातल्या वायरिंगची दीड चौरस मिलिमीटरची, मीटरवर. पारदर्शक वेष्टनातली जाडजूड 'स्पीकर केबल' कुणी गळ्यात मारत असेल तर टोक ब्लेडने खरवडून बघा, आतून पांढरं निघालं तर वर नुसता तांब्याचा मुलामा आहे. आणि खोक्यावर पीएमपीओ वॅट, म्हणजे ताकदीचा फुगवून लिहिलेला आकडा, दिसले तर तो आकडा वाचूच नका.

मागच्या दिवाळीतल्या जोडीचा हिशेब वहीत आहे तो असा: वूफर-ट्विटर ९,४००, लाकूड आणि कटिंग १,१००, क्रॉसओव्हर ९००, कापूस-पाइप-स्क्रू ६००, व्हिनियर आणि पॉलिश १,५००. साडेतेरा हजार. यात माझ्या रविवारांचे पैसे धरलेले नाहीत, आणि रिक्षाचेही नाहीत, कारण ती बेरीज घरी दाखवायची नसते.

ते दोन वूफर अजून आहेत. ६.४वाला एका मित्राच्या गिटार ॲम्पमध्ये गेला, छान वाजतो. ३.४वाला जिगसॉच्या शेजारी पडून आहे. कापडी कड, कागदी कोन, आठ इंची, वर चुकीचा '८ ओहम'चा स्टिकर. त्याचा जोडीदार कुठे दिसला तर कळवा. मात्र चारशेच्या वर देणार नाही.