आमची वाटचाल: मिसिंगच्या गाड्या

गॅरेजचा धंदा सुरू केला तेव्हा आमच्या मालकीची म्हणावीत अशी तीनच हत्यारं होती. पान्यांचा एक संच, फट मोजायचा फिलर गेज आणि इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची फवारा बाटली. बाटली आईची. दोन दिवसांसाठी म्हणून उचलून आणली ती परत गेलीच नाही.

संध्याकाळी उजेड गेला की गॅरेजमधले दिवे घालवायचे, बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवायचं. एकाने रेस सांभाळायची, दुसऱ्याने ठिणगी पाडणाऱ्या प्लगच्या वायरींवर आणि त्यांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवर बारीक तुषार मारायचे. वायर धड असेल तर काही होत नाही. तडकलेली असेल तर तिच्या अंगावरून केसाएवढी निळी रेघ शेजारच्या लोखंडावर उडी मारते, चट्‌चट्‌ आवाज येतो आणि त्याच ठोक्याला इंजिन अडखळतं. मावसभाऊ ओरडायचा, "दादा, तिसरी!" आमचं तेव्हाचं निदान एवढंच. वायरवाल्या जुन्या गाड्यांना ते आजही करतो.

आमच्याकडे ऑइल बदलायला, ब्रेक करायलाही गाड्या येतात, पण नाव झालं ते मिसिंगवर. "गाडी झटके मारते", "चढावर दम टाकते", "रेस दिली की फट्‌फट्‌ करते" ही सगळी त्याचीच रूपं. कुठल्यातरी सिलिंडरमधलं मिश्रण वेळेवर पेटत नाही, आणि चारांतला एक गडी नुसता बसून राहिला की उरलेल्या तिघांना त्याला ओढत न्यावं लागतं.

मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते उस्ताद पॉइंट-कंडेन्सरच्या जमान्यातले. ठिणगी पाडायची ही मांडणी चार्ल्स केटरिंग यांची. १९१२च्या कॅडिलॅकमध्ये ती सेल्फ स्टार्टर आणि विजेच्या दिव्यांच्या जोडीने होती, आणि पुढे कितीतरी दशकं पेट्रोल गाड्या तिच्यावरच धावल्या. काम सोपं आहे. बॅटरीचा १२ व्होल्टचा करंट कॉइलच्या जाड वेटोळ्यातून जातो, पॉइंट म्हणजे इंजिनाबरोबर उघडझाप करणारा छोटा स्विच उघडला की तो तुटतो, आणि त्या तुटण्याच्या धक्क्याने बारीक वेटोळ्यात हजारो व्होल्ट तयार होतात. पण तुटताना करंट सहजासहजी थांबत नाही, पॉइंटच्या फटीतूनच उडी मारू बघतो. ती उडी पोटात घेतो तो कंडेन्सर. कंडेन्सर गेला की पॉइंट काळानिळा पडतो आणि प्लगला पिवळट, मरगळलेला स्पार्क येतो. अशी गाडी आली, मी जळका पॉइंट काढून नवा बसवायला घेतला, की उस्ताद हातातून पाना काढून घ्यायचे. "आधी हा का जळला ते सांग. मग नवा घाल." मला राग यायचा. गिऱ्हाईक बाहेर उभं आहे, पार्ट हातात आहे, आणि हे परीक्षा घेतायत.

स्वतःचं गॅरेज काढल्यावर ती परीक्षा घेणारं कोणी उरलं नाही, आणि मी बिघडलो. मिसिंगची गाडी आली की प्लग बदल, वायरी बदल, टोपी आणि तिच्या आतला फिरता रोटर बदल. चारातलं काहीतरी लागू पडायचंच. गिऱ्हाईक खूश, कारण गाडी गुळगुळीत चालायची. आपण हुशार आहोत असं वाटण्याइतकी वर्षं हे खपलं.

एक गैरसमज मात्र तेव्हाही नडायचा. प्लग काढायचा, वायरला लावून इंजिनाच्या अंगावर टेकवायचा, सेल्फ मारायचा. स्पार्क दिसला की म्हणायचं, करंट आहे, दोष दुसरीकडे. निम्मी गॅरेजं अजून हेच करतात. बाहेरच्या हवेत एक मिलिमीटरची फट ओलांडायला तीन-चार हजार व्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये हवा दाबलेली असते, आणि दाब जितका जास्त तितकी ठिणगीला उडी अवघड, तिथे त्याच फटीला दहा-पंधरा हजार किंवा त्याहूनही जास्त लागतात. म्हणून अशक्त कॉइल बाहेर झकास स्पार्क दाखवते आणि आत, विशेषतः ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर, हात टेकते. आयडलिंगला ठीक आणि चढावर मिसिंग असेल तर आमचा पहिला संशय इग्निशनवर, म्हणजे ठिणगीच्या यंत्रणेवर जातो तो यामुळेच. आता आम्ही मोठ्या फटीचा स्पार्क टेस्टर वापरतो. तेवढी फट ओलांडली तरच करंट आहे म्हणायचं. वायर नुसती हवेत धरून स्पार्क बघायची सवय तर मी पोरांना पहिल्याच दिवशी मोडायला लावतो. जायला वाट मिळाली नाही की ते व्होल्टेज कॉइलचं इन्शुलेशन फोडून वाट काढतं, आणि पकडणाऱ्याला बसणारा झटका वेगळाच.

मग डिस्ट्रिब्युटर गेले आणि प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल आली. आम्ही कर्ज काढून गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर घेतला. आमच्या धंद्यातली सगळ्यात मोठी उडी ती, आणि सगळ्यात मोठी फजितीही त्यानंतरच्याच वर्षातली.

गाडी आली, चेक इंजिनचा दिवा लागलेला. स्कॅनरने सांगितलं पी०३०३. म्हणजे तिसऱ्या सिलिंडरला मिसफायर, आपलं मिसिंगच. पाच मिनिटांत तिसरी कॉइल काढली, नवी घातली, कोड पुसला, गाडी सुतासारखी सरळ. बिल लिहिताना मी मावसभावाला म्हणालो सुद्धा, आता डोकं चालवायची गरज नाही. तीन आठवड्यांनी तीच गाडी, तोच कोड. पार्टच खराब निघाला असं म्हणून कॉइल पुन्हा बदलली. महिन्याच्या आत ती तिसऱ्यांदा दारात.

गाडीच्या मालकीणबाई शिक्षिका होत्या. आवाज न चढवता एवढंच म्हणाल्या, "तुम्हाला नेमकं काय झालंय ते कळलंय का?"

त्या दिवशी पहिल्यांदा मी टॉर्च घेऊन प्लगच्या विहिरीत, म्हणजे प्लग बसतो त्या खोल भोकात डोकावलो. तळाशी ऑइल चमकत होतं. व्हॉल्व्ह कव्हरच्या खालचं, प्लगच्या नळीभोवतीचं रबरी सील कडक होऊन गळत होतं. ते ऑइल कॉइलच्या रबरी बुटाला लागून बूट फुगला होता, पिठाच्या गोळ्यासारखा मऊ. प्लग काढून पुसला तर पांढऱ्या चिनी मातीवर वरपासून खालपर्यंत पेन्सिलीने ओढावी तशी काळी रेघ. करंट प्लगच्या टोकापर्यंत जातच नव्हता, या रेघेवरून बाहेरच्या बाहेर लोखंडात उतरत होता. आणि प्लगची फट गेजने मोजली तर १.१ मिलिमीटरच्या जागी जवळजवळ दीड. फट वाढली की तेवढा जास्त जोर कॉइलला लावावा लागतो, म्हणजे माझ्या नव्या कॉइली जुन्या प्लगपायी मरत होत्या. नव्या कॉइलबरोबर नवा बूट यायचा म्हणून गाडी काही दिवस चालायची, ऑइल त्याला पोचलं की पुन्हा तेच. सील, चारही प्लग आणि बूट बदलले. दोन्ही कॉइलींचे पैसे परत केले. बाई आजही येतात.

नंतर मी स्कॅनर नेमकं काय बघतो ते नीट समजून घेतलं. त्याला ठिणगी दिसत नाही. क्रँकच्या दातेरी चाकासमोरचा सेन्सर दात मोजतो. सिलिंडर पेटला की क्रँकला बारीक धक्का बसून वेग वाढतो, पेटला नाही तर त्या ठोक्याला वेग किंचित पडतो. त्यावरून कॉम्प्युटर म्हणतो की तिसऱ्याने ढकललं नाही. का नाही ढकललं, हे त्याला ठाऊक नसतं. प्लग असेल, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर असेल, सिलिंडरमधला दाब म्हणजे कॉम्प्रेशन असेल. पी०३०० आला तर कुठला सिलिंडर तेही तो नक्की सांगत नाही.

तेव्हापासून अदलाबदल केल्याशिवाय आमच्याकडे इग्निशनचा एकही पार्ट विकला जात नाही. तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर टाकायची, तिसऱ्याचा प्लग दुसऱ्यावर. मुद्दाम वेगवेगळ्या ठिकाणी, म्हणजे दोघांचा निकाल वेगळा लागतो. कोड पुसून गाडी फिरवून आणायची. मिसफायर पहिल्यावर गेला तर कॉइल, दुसऱ्यावर गेला तर प्लग. तिसऱ्यावरच राहिला तर दोघंही निर्दोष, मग कनेक्टर, वायरिंग, इंजेक्टर, आणि कॉम्प्रेशन गेज. याला ना महागडं हत्यार लागतं ना विशेष अक्कल, फक्त अर्धा-पाऊण तास लागतो. त्या वेळाचे पैसे आम्ही तपासणी म्हणून वेगळे लावायला लागलो तेव्हा काही गिऱ्हाईकं तुटली. "नुसतं बघायचे पैसे?" हा प्रश्न अजून येतो. काढलेला पार्ट आम्ही हातात देतो, काळी रेघ नखाने खरवडून दाखवतो, मग सहसा वाद होत नाही. स्वतः पार्ट घेऊन येणारे आणि "एवढं फक्त बसवून द्या" म्हणणारे मात्र आम्ही बंद केले. गाडी सुधारली नाही तर दोष बसवणाऱ्याच्याच माथी येतो.

एका कॉइलवर दोन प्लग चालवणाऱ्या गाड्यांनी आणखी एक गोष्ट शिकवली. चार सिलिंडरच्या इंजिनात पहिला-चौथा ही एक जोडी आणि दुसरा-तिसरा ही दुसरी. पहिला आणि चौथा एकदम मिसिंग करत असतील तर सामाईक कॉइलकडेच बोट जातं. दुसरा-तिसरा एकदम असतील तर थांबावं लागतं, कारण ते शेजारीही आहेत, आणि इंजिनाच्या हेडखालचा हेड गॅस्केट त्या दोघांच्या मधे फुटला तरी हेच दोघं मरतात. तिथे कॉम्प्रेशन आधी. ही अक्कल आम्हाला एक नाहक कॉइल विकल्यावर आली.

जॉबकार्डात सगळ्यात उपयोगी सुधारणा केली ती माझ्या बायकोने. फोन ती घेते. पूर्वी कार्डावर तक्रार म्हणून "मिसिंग" एवढंच असायचं. तिने चार प्रश्न छापून घेतले: गाडी थंड असताना होतं की तापल्यावर? रिकामी असताना की लोडवर? पाऊस किंवा धुणं झाल्यावर होतं का? चेक इंजिनचा दिवा नुसता लागतो की लुकलुकतो? शेवटच्याला "लुकलुकतो" असं उत्तर आलं की ती गाडी चालवत आणूच देत नाही, टो करून आणायला सांगते. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो आतून वितळू शकतो, मग एका प्लगचं काम भलतीकडेच जातं. याच कारणासाठी एकेक सिलिंडर बंद करून बघतानाही आम्ही आता कॉइल काढत नाही, इंजेक्टरचा कनेक्टर काढतो. ज्याचा काढल्यावर इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही तो सिलिंडर आधीच मेलेला.

आज आम्ही सहा जण आहोत, तीन गाड्या एका वेळी आत घेता येतात, विजेची लहर पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोपही आला आहे. मावसभाऊ पडद्यावर स्पार्क किती मिलिसेकंद टिकला ते बघतो. दीडच्या आसपास असला की मान हलवतो, अर्ध्यावर आला की "दादा" अशी हाक येते.

परवापासून एक गाडी कोपऱ्यात उभी आहे. सकाळी शहाण्यासारखी चालते, अर्धा तास पळवली की मिसिंग, थंड झाली की पुन्हा ठीक. कॉइली मापात थंड असताना निर्दोष, पण तापल्यावर आतलं वेटोळं सुटतं अशा कॉइली आम्ही पाहिल्या आहेत. काल हीट गनने एकेक शेकून बघितली. दुसरीला चार मिनिटं दिली तेव्हा इंजिन एकदाच अडखळलं. ती आता चौथ्यावर टाकली आहे. पोरगा गाडी फिरवायला घेऊन गेलाय, अजून आलेला नाही.