नाताळच्या भेटीसाठी घरी केलेलं चॉकलेट

नाताळला जवळच्या माणसांना हातानं केलेलं चॉकलेट द्यायचं असं एकदा ठरल्यावर मी सगळ्यात आधी कुठला पदार्थ किती दिवस टिकतो ते लिहून काढलं. कारण या कामाचं वेळापत्रक त्यावरच ठरतं. नुसत्या डार्क चॉकलेटच्या वड्या महिनोनमहिने राहतात. सुकामेवा घातला की काळ कमी होतो, कारण त्यातलं तेल खवट होतं. पाकवलेल्या संत्र्याच्या साली चॉकलेटमध्ये बुडवल्या तर काही आठवडे छान राहतात. ताज्या क्रीमचे ट्रफल, म्हणजे चॉकलेटचे मऊ गोळे, मात्र फ्रीजमध्ये ठेवूनही आठवड्याभरात संपवलेले बरे. म्हणून डिसेंबर लागला की आधी साली, मग सुकामेव्याच्या चकत्या आणि पेपरमिंटची बार्क (दोन थरांची, तोडून खायची वडी), आणि नाताळ दोन-तीन दिवसांवर आला की ट्रफल, असा क्रम लावला. सगळं एकाच आठवड्यात उरकायचं म्हटलं तर हात पुरत नाहीत आणि चॉकलेटला तर घाई अजिबात चालत नाही.

खरेदीच्या वेळी मी पाकिटाच्या पुढच्या बाजूपेक्षा मागची बाजू जास्त वाचली. घटकांमध्ये कोको बटर, म्हणजे कोकोच्या बियांमधली चरबी, आहे की दुसरंच एखादं वनस्पती तेल, हे बघायचं. तेल घातलेलं असतं ते कंपाउंड. ते वितळवून सरळ साच्यात ओतलं तरी घट्ट होतं आणि चमकतं, त्यामुळे सोपं वाटतं, आणि मुलांबरोबर आकार पाडायला ते वाईटही नाही. पण भेट म्हणून द्यायचं तर मला कोको बटरच हवं होतं. ते आपल्या शरीराच्या तापमानाच्या किंचित खाली, 34 अंशांच्या आसपास वितळतं. म्हणून तुकडा हातात कडक राहतो आणि जिभेवर ठेवला की विरघळतो. कंपाउंड खाल्ल्यावर टाळूला जो मेणासारखा थर राहतो, तो इथे राहत नाही. बुडवण्यासाठी आणि साच्यांसाठी मी कुव्हर्चर नावाचं चॉकलेट घेतलं. त्यात कोको बटर जास्त असतं (युरोपीय नियमांनुसार किमान 31 टक्के), त्यामुळे ते पातळ वाहतं आणि थर नाजूक बसतो.

आता टेंपरिंग. या सगळ्या प्रकरणाचा जीव इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

कोको बटर घट्ट होताना सहा वेगवेगळ्या प्रकारचे स्फटिक बनवू शकतं. त्यातला पाचवा प्रकार आपल्याला हवा असतो. चमक, टक्कन तुटणं, साच्यातून आपोआप सुटणं, सगळं त्याच्यामुळे. वितळलेलं चॉकलेट तसंच ओतून ठेवलं तर कमी तापमानाला वितळणारे, कच्चे स्फटिक भराभर तयार होतात आणि चॉकलेट मऊ, निस्तेज राहतं. टेंपरिंग म्हणजे आधी सगळे स्फटिक वितळवून टाकायचे आणि मग तापमान असं खेळवायचं की पाचव्या प्रकारालाच वाव मिळेल.

मी बियाणं घालण्याची पद्धत वापरली. 600 ग्रॅम डार्क चॉकलेट बारीक चिरलं. 400 ग्रॅम भांड्यात, 200 ग्रॅम बाजूला. खालच्या पातेल्यात थोडंसं पाणी, तेही उकळतं नको, नुसतं वाफाळतं. वरच्या भांड्याचा तळ त्या पाण्याला टेकता कामा नये. चॉकलेट 45 ते 50 अंशांपर्यंत नेलं, भांडं उतरवलं आणि बाहेरून लगेच कोरडं पुसून घेतलं. मग बाजूला ठेवलेला चुरा मूठमूठ घालत ढवळत राहिले. त्या चुऱ्यात चांगले स्फटिक आधीच असतात, ते बाकीच्या चॉकलेटला वळण लावतात. 28 अंशांपर्यंत आलं की भांडं पुन्हा काही सेकंद वाफेवर धरायचं आणि 31 ते 32 वर आणून थांबायचं. मिल्क चॉकलेट 29 ते 30 ला, व्हाइट 28 ते 29 ला. अंदाजानं हे जमत नाही, डिजिटल थर्मामीटर हवाच. दोन-तीन अंशांचा फरक बोटाला कळत नाही, पण चॉकलेटला बरोबर कळतो.

झालं की नाही ते बघायला सुरीचं टोक बुडवून कागदावर ठेवायचं. खोली गार असेल तर चार-पाच मिनिटांत त्यावरचा थर घट्ट होतो आणि चमक धरतो. डाग, पट्टे किंवा चिकटपणा राहिला तर अजून ढवळायचं.

सुरुवातीलाच मी एक गोष्ट मुद्दाम करून पाहिली आणि ती प्रत्येकानं करावी असं मला मनापासून वाटतं. एकाच चॉकलेटच्या दोन छोट्या पट्ट्या शेजारी शेजारी ओतल्या. एक टेंपर केलेली, एक नुसती वितळवलेली. सकाळी पहिली पट्टी बटर पेपरवरून स्वतःच सुटली होती. तिची खालची बाजू काचेसारखी गुळगुळीत होती आणि मोडली तेव्हा स्वच्छ आवाज आला. दुसरी कागदाला धरून बसली होती. उचलायला गेले तर बोटांचे ठसे उमटले, मोडली तर वाकली आणि मगच तुटली. काही दिवसांनी तिच्यावर राखाडी रेघा आल्या. हा फॅट ब्लूम, म्हणजे वर आलेलं कोको बटर. खाल्लं तर अपाय काही नाही, पण भेटीच्या डब्यात असा तुकडा बघवत नाही. या दोन पट्ट्या पाहिल्यावर थर्मामीटरकडे बघत उभं राहण्याचा कंटाळा उरत नाही.

काम करताना चॉकलेट हळूहळू गार होऊन दाट होतं. तेव्हा भांडं क्षणभर वाफेवर धरायचं आणि लगेच काढायचं. 34 च्या वर गेलं की चांगले स्फटिकही वितळतात आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. त्यात वाया काहीच जात नाही. तेच चॉकलेट पुन्हा वितळवून पुन्हा टेंपर करता येतं.

पाण्याची भीती मात्र खरी. चॉकलेट म्हणजे कोको बटरमध्ये तरंगणारे साखरेचे आणि कोकोचे बारीक कण. पाण्याचे दोन थेंब पडले तरी साखर ती ओल ओढून घेते, कण एकमेकांना चिकटतात आणि सगळ्याचा कोरडा, दाणेदार गोळा होतो. म्हणून चमचे, भांडी, साचे, हात, सगळं खडखडीत कोरडं हवं. असा गोळा झालाच तर तो बुडवायला उपयोगी पडत नाही, पण गरम क्रीम घालून घोटला की चांगला सॉस होतो. गंमत बघा, थोड्या पाण्यानं बिघडतं आणि भरपूर ओलाव्यानं सुधारतं.

सालींसाठी जाड सालीची संत्री घेतली, आतला पांढरा भाग थोडा खरवडला आणि लांब पट्ट्या कापल्या. गार पाण्यात घालून उकळायच्या, पाणी फेकायचं, पुन्हा नवं पाणी, असं तीनदा. यानं कडूपणा उतरतो, पण सगळा जात नाही, आणि जाऊही नये, कारण डार्क चॉकलेटशी तोच तर जुळतो. मग साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्या पाकात अगदी मंद आचेवर ठेवल्या. तासाभरानं पट्ट्या कडेपासून पारदर्शक व्हायला लागतात. उजेडात धरली की काचेच्या तुकड्यातून यावा तसा केशरी प्रकाश आरपार येतो. तिथे थांबायचं. जाळीवर निथळून पूर्ण एक दिवस सुकवल्या. ओल राहिली तर चॉकलेटचा थर तिच्यावर धरत नाही. बुडवताना मी एक टोक मोकळं ठेवलं. रंग दिसतो, आणि खाणाऱ्याला धरायलाही जागा मिळते.

सुकामेव्याच्या चकत्यांना फ्रान्समध्ये माँदियाँ म्हणतात. त्यांच्यामागची कथा मला फार आवडते. भिक्षेवर जगणारे चार मध्ययुगीन ख्रिस्ती संघ होते: डॉमिनिकन, फ्रान्सिस्कन, कार्मेलाइट आणि ऑगस्टिनियन. त्यांच्या झग्यांच्या रंगांवरून मनुका, सुकं अंजीर, बदाम आणि हेझलनट असे चार जिन्नस ठरले. दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्समध्ये नाताळच्या आदल्या रात्री मांडल्या जाणाऱ्या तेरा गोडांमध्येही हे चार भिक्षू असतात. चॉकलेटच्या चकतीवर ते नंतर येऊन बसले. करायला हा सगळ्यात सोपा प्रकार. टेंपर केलेलं चॉकलेट चमच्यानं कागदावर सोडायचं, चमच्याच्या पाठीनं गोल पसरवायचं आणि वर चार जिन्नस ठेवायचे. एकेका वेळी सहा-सातच चकत्या घालायच्या, नाहीतर शेवटच्या चकतीपर्यंत पोचेतो पहिली घट्ट होते आणि बदाम वरच राहतो. बदाम आणि हेझलनट आधी भाजून, पूर्ण गार करून घ्यायचे. न भाजलेले बदाम चॉकलेटच्या चवीपुढे हरवून जातात.

बार्क म्हणजे खाली डार्कचा थर, वर व्हाइटचा आणि त्यावर कुटलेल्या लाल-पांढऱ्या पेपरमिंटच्या कांड्या. यात कस लागतो तो दुसरा थर ओतण्याच्या वेळेचा. खालचा थर वरून निस्तेज दिसायला लागला, बोटाला लागत नाही पण दाबला तर किंचित दबतो, तीच वेळ. पुरता कडक झाल्यावर ओतलं तर तोडताना दोन्ही थर वेगळे होतात. स्वादासाठी पेपरमिंटचं तेल घ्यायचं, तेही थेंबाथेंबानं. पाणी किंवा अल्कोहोल असलेला अर्क चॉकलेटला दाट करून टाकतो. कुटलेली कांडी हवेतली ओल भराभर ओढते आणि चिकट होते, म्हणून बार्क घट्ट झाली की लगेच हवाबंद करायची.

मुलांसाठी सोनेरी वर्खातली नाणी केली. मायराच्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) संत निकोलसनं एका गरीब बापाच्या तीन मुलींच्या लग्नासाठी रात्री गुपचूप सोनं टाकलं, अशी आख्यायिका आहे. या नाण्यांचं नातं तिच्याशी सांगतात. त्याचा दिवस 6 डिसेंबरला असतो. साचे कापसानं घासून लख्ख केले, कारण साच्याची चमक जशीच्या तशी चॉकलेटवर उतरते. नीट टेंपर झालेलं चॉकलेट घट्ट होताना किंचित आकसतं, त्यामुळे साचा उलटा केला की नाणी टपाटप पडतात. कापसाचे हातमोजे घालून ती उचलली.

ट्रफल सगळ्यात शेवटी. वजनानं दोन भाग डार्क चॉकलेट, एक भाग क्रीम. क्रीम उकळी फुटायच्या बेताला आणून चिरलेल्या चॉकलेटवर ओतायचं आणि दोन मिनिटं हात लावायचा नाही. मग मधोमध छोट्या गोलात ढवळायला घ्यायचं. आधी सगळं फाटल्यासारखं दिसतं, मग मध्यभागी एक काळा चकचकीत ठिपका तयार होतो आणि तो कडेपर्यंत पसरत जातो. शेवटी थोडं लोणी. काही तास थंडाव्यात ठेवून गोळे वळले आणि कोको पावडरमध्ये घोळवले. हात गार ठेवणं एवढंच यातलं कौशल्य. वळताना मध्ये मध्ये हात थंड पाण्यात बुडवून कोरडे करत राहिले.

डब्यांकडे मी जितकं लक्ष दिलं तितकं आधी कुठल्याही भेटीच्या डब्याकडे दिलं नव्हतं. ब्रसेल्सच्या झाँ नॉयहाउस यांनी 1912 मध्ये भरलेलं चॉकलेट म्हणजे प्रालीन आणलं. कागदाच्या पुड्यांत ती चिरडायची, म्हणून 1915 मध्ये बॅलोतँ नावाची पुठ्ठ्याची पेटी आली. ती आजही तशीच वापरतात. मीही ताठ पुठ्ठ्याच्या पेट्या घेतल्या आणि थरांमध्ये बटर पेपर घातला. चॉकलेट शेजारचा वास पटकन पकडतं, म्हणून पेपरमिंटची बार्क वेगळ्या पेटीत. नाहीतर संत्र्याच्या सालीही दोन दिवसांत पेपरमिंटच्या लागतात. ठेवायला 15 ते 18 अंशांची कोरडी, अंधारी जागा उत्तम. फ्रीजमध्ये ठेवणं भागच असेल तर हवाबंद डब्यात, आणि बाहेर काढल्यावर डबा खोलीच्या तापमानाला आल्याखेरीज उघडायचा नाही. थंड चॉकलेटवर दव धरलं की साखर विरघळून वर येते आणि पांढुरका, खरखरीत थर बसतो.

प्रत्येक पेटीवर चिठ्ठी लावली: कुठला सुकामेवा आहे, दूध आहे का, केव्हा केलं, केव्हापर्यंत खायचं. ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांच्या चिठ्ठीवर ठळक अक्षरांत एक ओळ जास्त, की पेटी नाताळच्या झाडाखाली ठेवू नका. कोकोमधलं थिओब्रोमिन कुत्र्यांना विषारी असतं, डार्क चॉकलेटमध्ये ते सगळ्यात जास्त, आणि कागदाच्या वेष्टनातूनही कुत्र्याला वास बरोबर लागतो. ट्रफलच्या चिठ्ठीवर लिहिलं: फ्रीजमध्ये ठेवा, खायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा, आणि पेटीतलं बाकी काहीही उघडण्याआधी हे संपवा.