महेश्वरी साडी आणि पक्कं बिल

आईनं इंदूरहून पाठवलेलं पार्सल सहाव्या दिवशी जर्मनीत पोचलं. माझ्या हातात पडायला त्यापुढे तेवीस दिवस गेले. आठवलं की अजून डोकं तापतं, म्हणून लिहून ठेवतेय.

इथे कोट, बूट, स्वेटर उत्तम मिळतात. पण साडीवरचं ब्लाउज कोण शिवणार? इथला शिंपी पँट आखूड करून देतो, त्याला कटोरी ब्लाउज कुठून ठाऊक असणार! मंडळाचा गणपती जवळ आला होता. आईनं महेश्वरहून साडी आणली आणि आमच्या नेहमीच्या टेलरकडून तीन ब्लाउजं शिवून घेतली. मापं मी व्हिडिओ कॉलवर दिली. आत दोन बोटं माया ठेवायला सांग, असं आईला बजावलं होतं. तुम्हीही बजावा, कारण इथे उसवून देणारंही कुणी सापडत नाही.

घोळ झाला तो पार्सल बुक करताना. पार्सल घेणारा माणूस म्हणाला, "आंटी, गिफ्ट लिख देते हैं, पाँच सौ रुपये डाल देते हैं, कुछ नहीं होता." आईनं विश्वासानं सही केली.

आठवड्यानं मला कस्टमचं पत्र आलं: किमतीचा पुरावा घेऊन या. अर्ध्या दिवसाची रजा टाकून, दोन बस बदलून गेले. तिथल्या माणसानं माझ्या हातात कटर दिला आणि खोका माझ्याकडूनच उघडवला. साडीच्या जरीच्या काठावरून बोट फिरवलं, फॉर्मवरच्या पाचशे रुपयांवर बोट ठेवलं आणि बिल मागितलं. माझ्याकडे बिल नव्हतंच. साडीच्या दुकानदारानं आईला कच्ची चिठ्ठी दिली होती, नुसता आकडा, ना नाव ना शिक्का. टेलरची शिवणावळ तर रोखच. "म्हणजे पाठवणाऱ्यानं किंमत खोटी लिहिली," तो म्हणाला. कर भरायला माझी ना नव्हती. पण माझ्या आईबद्दल हे वाक्य त्या टेबलापाशी उभं राहून ऐकावं लागलं, ते फार लागलं. घरी येऊन रडले.

आमच्या ओळखीतले लोक अजूनही सांगतात की २२ युरोंपर्यंतच्या पार्सलवर कर नसतो. ती सवलत १ जुलै २०२१ पासून बंद आहे. घरच्या माणसानं घरच्या माणसाला, पैसे न घेता पाठवलेली भेट ४५ युरोंपर्यंत माफ असते. आमची साडीच ६,८०० रुपयांची, म्हणजे ती मर्यादा केव्हाच ओलांडलेली. खरी किंमत लिहिली असती तर १९ टक्के व्हॅट भरून सगळं निमूट पार पडलं असतं.

मार्ग बाबांना सुचला. साडीचे पैसे त्यांनी यूपीआयनं दिले होते. त्यांनी बँकेचं इंग्रजी स्टेटमेंट पाठवलं, त्यात दुकानाचं नाव, तारीख, रक्कम सगळं होतं. पण फाइलला पासवर्ड होता. तो विचारून, छापून निघेपर्यंत शुक्रवारची दुपार झाली आणि ऑफिस बंद झालं होतं. सोमवारी पुन्हा गेले, तर टेबलावर दुसरीच बाई. तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. तिनं स्टेटमेंट पाहिलं, ब्लाउजांच्या शिवणावळीबद्दल माझ्या हातानं एक कागद लिहून घेतला, आणि दहा मिनिटांत १८ युरोंची पावती फाडली. तो कागद पहिल्याच दिवशी का नाही घेतला?

तेव्हा फॉर्मवर नुसतं 'कपडे' लिहू देऊ नका. साडी एक, रेशीम-सूत. शिवलेली ब्लाउजं तीन, सुती. प्रत्येकाची खरी किंमत, इंग्रजीत. दुकानातून पक्कं बिल घ्या, त्याची एक प्रत खोक्यात ठेवा आणि फोटो स्वतःच्या फोनवर. टेलरकडूनही दोन ओळींची पावती मागा, तो देतो.

आणखी एक राहिलंच. इथे पोस्टमन दाराच्या घंटीवरचं नाव बघतो. आई माहेरचं आडनाव लिहिते, घंटीवर सासरचं आहे. माझं आधीचं एक पार्सल त्यापायीच परत गेलं होतं. आता घंटीवर दोन्ही नावं लावली आहेत.

गणपती होऊन गेले होते. साडी दिवाळीला नेसले. ब्लाउज नीट बसलं, माया उसवावी लागली नाही.