गाठीचा तुकडा कोणत्या बाटलीत गेला

फेब्रुवारी २०२४ मध्ये, धाकट्याचे अंगावरचे दूध तोडून दोन महिने झाले असताना, उजव्या स्तनाच्या वरच्या, काखेकडच्या भागात बोराएवढी गाठ माझ्या हाताला लागली. ती फारशी दुखत नव्हती. मला ताप नव्हता, खोकला नव्हता. दूध साठले असेल, गरम पाण्याने शेक, असे सासूबाई म्हणाल्या. पंढरपुरातील आमच्या नेहमीच्या डॉक्टरांचे मतही साधारण तेच पडले आणि त्यांनी सात दिवसांच्या प्रतिजैविकाच्या गोळ्या दिल्या. गाठ कमी झाली नाही. एप्रिल उजाडेपर्यंत ती लिंबाएवढी झाली, वरची त्वचा लालसर झाली आणि एका जागी मऊ पडली. शल्यचिकित्सकांनी छेद देऊन पू काढला आणि तो तपासणीला पाठवला. तीन दिवसांनी अहवाल आला: जंतूंची वाढ आढळली नाही.

त्या वाक्याने मी निश्चिंत झाले होते, म्हणून त्याचा अर्थ इथे नीट सांगायला हवा. पुवाची नेहमीची तपासणी दोन-तीन दिवसांत वाढणाऱ्या जंतूंसाठी असते. माझा आजार पुढे स्तनाचा क्षय, म्हणजे टीबी, निघाला, आणि क्षयाचा जंतू अत्यंत सावकाश वाढतो. त्याच्यासाठी वेगळे माध्यम लागते आणि कित्येक आठवडे वाट पाहावी लागते. म्हणजे त्या अहवालात क्षयरोगाबद्दल होकार नव्हता आणि नकारही नव्हता, कारण तो प्रश्न कोणी विचारलेलाच नव्हता.

जखम भरेना. तिच्या तोंडातून पिवळसर, पातळ स्राव येत राहिला आणि मी पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन शाळेत शिकवत राहिले. मग दुसरे प्रतिजैविक दिले गेले, लिव्होफ्लॉक्सासिन. त्याने दहा-बारा दिवस स्राव जवळजवळ थांबला आणि घरात सर्वांना हायसे वाटले; पण गोळ्या संपताच तो पुन्हा सुरू झाला. हे औषध क्षयाच्या जंतूंवरही काही प्रमाणात चालते, त्यामुळे रोग बरा न होता थोडे दिवस दबून राहतो आणि निदान लांबते, हे मला फार उशिरा समजले.

मे महिन्यात सोलापूरला सोनोग्राफी झाली. अहवालात ‘बायरॅड्स ४’ असे लिहिले होते, म्हणजे गाठ संशयास्पद असून तुकडा काढून तपासणे आवश्यक. काखेतही एक गाठ सापडली होती. त्या आठवड्यात आमच्या घरात कोणी ‘कर्करोग’ हा शब्द उच्चारला नाही आणि प्रत्येकजण त्याचाच विचार करत होता. स्तनाचा क्षय सोनोग्राफीत किंवा मॅमोग्राफीत कर्करोगासारखा दिसू शकतो. केवळ चित्रावरून दोन्ही वेगळे सांगता येत नाहीत.

सुईने पेशी काढून केलेल्या तपासणीत कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत. ग्रॅन्युलोमा, म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशींनी एकत्र येऊन केलेले पुंजके, आढळले. खात्रीसाठी जाड सुईची बायोप्सी झाली. चार तुकडे निघाले आणि चारही फॉर्मॅलीन या रसायनाच्या बाटलीत गेले. अहवाल पुन्हा अर्धवटच आला: ग्रॅन्युलोमा आहेत, क्षयात दिसणारा चीजसारखा मृत भाग स्पष्ट नाही, विशेष रंग देऊनही क्षयाचे जंतू दिसले नाहीत. त्या खासगी रुग्णालयातील डॉक्टरांनी कारण न सापडणारा ग्रॅन्युलोमाचा स्तनदाह असे निदान करून स्टेरॉइडच्या गोळ्या लिहून दिल्या. त्यांचा तर्क अगदीच निराधार नव्हता, कारण तोही आजार बाळंतपणानंतरच्या काही वर्षांत, माझ्यासारख्याच तरुण आयांना होतो. फरक उपचारात आहे. त्या आजारात स्टेरॉइड गुणकारी ठरतात. मुळात क्षय असेल तर तीच औषधे प्रतिकारशक्ती दाबून रोगाला मोकळे रान देतात.

माझी नणंद परिचारिका आहे. तिने फोनवर अहवाल वाचून घेतला आणि एवढेच म्हणाली, “वहिनी, गोळी उद्या सुरू करू नका, आधी आणखी एका डॉक्टरांना दाखवा.” म्हणून जूनच्या अखेरीस मी सरकारी रुग्णालयातील शल्यचिकित्सक बाईंकडे गेले. त्यांनी फाइल उघडण्यापूर्वी विचारले, “घरात कोणाला टीबी झाला होता का?”

झाला होता. २०२१ मध्ये माझ्या सासऱ्यांना फुप्फुसाचा क्षय झाला होता आणि निदान होण्यापूर्वीचे दोन-तीन महिने त्यांचे जेवणखाण, औषधपाणी मीच पाहत होते. आधीच्या चार डॉक्टरांनी हा प्रश्न विचारला नाही, ही माझी तक्रार आहेच. पण मीही आपणहून सांगितले नव्हते. एक तर टीबी छातीतला, त्याचा या गाठीशी काय संबंध, असे मला वाटे. दुसरे म्हणजे सासऱ्यांचा आजार आम्ही गल्लीत लपवला होता आणि लपवण्याची ती सवय डॉक्टरांसमोर बसल्यावरही सुटली नाही. (स्तनाचा क्षय हा आजार नवाही नाही. ॲस्टली कूपर या इंग्रज शल्यचिकित्सकाने तो १८२९ मध्येच नोंदवला होता. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधला तो त्यानंतर, १८८२ मध्ये.)

आधीचे तुकडे वापरता येतील का, असे मी विचारले. नाही, असे उत्तर मिळाले. फॉर्मॅलीनमध्ये ऊती टिकतात, पण जंतू मरतात. मेलेल्या जंतूंचे कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहणे, होत नाही आणि जंतूंचा जनुकीय अंश शोधणाऱ्या सीबीनॅट यंत्रासाठीही असा नमुना भरवशाचा नसतो. म्हणजे पुन्हा सुई. मला रडू आले ते दुखण्याच्या भीतीने नव्हे. पहिल्याच वेळी एक तुकडा साध्या सलाईनच्या बाटलीत ठेवला असता तर हा महिना वाचला असता, या विचाराने आले.

मधल्या दोन दिवसांत इतर तपासण्या झाल्या. छातीचा एक्स-रे स्वच्छ होता, पण त्याने स्तनाचा क्षय नाकारता येत नाही. क्षयासाठी हातावर टोचून करतात ती मँटू चाचणी ठळक उमटली; आपल्या देशात तिच्यावरून जंतू कधीतरी शरीरात शिरला होता एवढेच समजते, असे बाई म्हणाल्या. एचआयव्ही आणि साखर तपासली, दोन्ही ठीक होते. एका प्रयोगशाळेत ‘टीबीची रक्ततपासणी’ही करून घ्या, असे सुचवले गेले. बाईंनी ती करू दिली नाही; प्रतिपिंडांवरून क्षय ठरवणाऱ्या रक्तचाचण्यांवर सरकारने २०१२ मध्येच बंदी घातली आहे.

दुसऱ्या बायोप्सीच्या वेळी टेबलावर दोन बाटल्या होत्या. बाईंनी स्वतः चिठ्ठ्या लिहिल्या: एक तुकडा फॉर्मॅलीनमध्ये, तीन सलाईनमध्ये, आणि सलाईनची बाटली माझ्या नवऱ्याच्या हातात देऊन ती ताबडतोब प्रयोगशाळेत पोचवायला सांगितले. स्तनाच्या क्षयात जंतू मुळातच थोडे असतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसण्यासाठी एक मिलिलिटर नमुन्यात साधारण ५,००० ते १०,००० जंतू लागतात. सीबीनॅटला सुमारे १३० पुरतात, आणि रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल की नाही हेही त्याच चाचणीत कळते. तरीही बाईंनी आधीच बजावले होते की सीबीनॅट नकारात्मक आले म्हणून क्षय नाहीच असे ठरणार नाही. मग ऊतींचे स्वरूप, घरातला इतिहास आणि कल्चर यांवरून निर्णय घ्यावा लागेल.

ती वेळ आली नाही. यंत्राचे काम दोन तासांचे, पण रांग मोठी असल्याने अहवाल दुसऱ्या दिवशी मिळाला: क्षयाचे जंतू आढळले, प्रमाण कमी, रिफॅम्पिसिनला प्रतिरोध नाही. पाच महिन्यांनी आजाराला नाव मिळाले आणि मला, सांगायला विचित्र वाटते, आनंद झाला.

पुढचा भाग सरळ होता. क्षयरुग्णांच्या नोंदीसाठी असलेल्या सरकारच्या निक्षय पोर्टलवर नोंद झाली, वजन ४८ किलो असल्यामुळे रोज तीन गोळ्या ठरल्या. दोन महिने एकेका गोळीत चार औषधे, नंतरचे चार महिने तीन. लघवी नारिंगी होईल, घाबरू नका, आणि नजरेत फरक वाटला तर लगेच या, हे आधीच सांगितलेले होते. पोषणासाठी दरमहा ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. स्तनातले काही काढून टाकावे लागले नाही. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी जखम मिटली. कल्चरचा होकारार्थी अहवाल त्याआधीच, पाचव्या आठवड्यात आला होता.

नोंदणीनंतर आरोग्य कर्मचारी घरी आले, मुलांची तपासणी केली आणि घरात पूर्वी कोणाला हा आजार झाला होता का, असे दारातच विचारले. शेजारच्या काकू ओट्यावर बसल्या होत्या. माझा नवरा घुटमळला. सासरे आतून उठून आले, “मला झाला होता,” म्हणाले, आणि ट्रंकेतून आपले २०२१ चे उपचारकार्ड काढून त्यांनी ते माझ्या फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवले.