उजव्या हाताला नर्मदा

लग्न मोडायला कारण लागतं, आणि माझ्याकडे चारचौघांत सांगण्यासारखं कारण नव्हतं. नवरा भला माणूस. व्यसन नाही, कधी आवाज चढवला नाही. स्वतःचा फ्लॅट, लेक नोकरीला लागलेली. आई म्हणाली, "सुखाचा जीव दुःखात का घालतेस?" तिला काय सांगणार? हॉटेलात गेलो की तो न विचारता माझ्यासाठी मसाला डोसा मागवायचा, आणि मला खरंच तोच आवडायचा. सगळं असं न मागता समोर येत गेलं. पंचवीस वर्षांनी एक दिवस लक्षात आलं की आपल्याला काय हवंय हे आपल्यालाच सांगता येत नाही.

"माझं काय चुकलं ते तरी सांग," तो म्हणायचा. काहीच नाही, हे खरं उत्तर त्याला सगळ्यात जास्त लागलं. ते मला आजही खुपतं.

धनकवडीत एका खोलीत दीड वर्ष राहिले. मग दोघांच्या संमतीने अर्ज केला, हिंदू विवाह कायद्याचं कलम 13-ब. अर्जानंतर सहा महिने थांबायचं आणि पुन्हा कोर्टापुढे येऊन सांगायचं की निर्णय कायम आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या निकालामुळे ही मुदत माफ करून मागता येते, असं वकीलबाईंनी सांगितलं. मी नको म्हटलं. विचार करायलाच दिलेत ना सहा महिने, मग मी ते चालत करणार होते.

कार्तिकी झाल्यावर ओंकारेश्वरला नर्मदेची परिक्रमा उचलली, म्हणजे अख्ख्या नदीला पायी प्रदक्षिणा. कुपीत नर्मदेचं पाणी, हातात दंड, पाठीवर सात किलोची झोळी. मैया कायम उजव्या हाताला ठेवायची, पात्र ओलांडायचं नाही, वाटेत मिळेल ते खायचं. नियम एवढेच, बाकी सगळं आपण ठरवायचं. तिथेच माझं अडलं. चौथ्या दिवशी संध्याकाळी एका गावात मुक्काम होत होता आणि पुढचा आश्रम तीन किलोमीटरवर होता. थांबू की जाऊ? विचारायला कुणी नव्हतं. त्या फाट्यावर दंडावर हनुवटी टेकून मी लहान मुलीसारखी रडले. शेवटी गेले पुढे. अंधारात पोचले, गार खिचडी मिळाली, पण ती माझ्या निर्णयाची होती.

शूलपाणीच्या झाडीत, आपल्या नंदुरबारच्या डोंगरांत, एका भिल्ल आजीच्या झोपडीत टेकले. मक्याची भाकरी, वर लाल मिरचीची चटणी. तिची भाषा मला निम्मीच कळत होती. "एकटी?" तिने विचारलं. हो म्हटलं. का, हे तिने विचारलं नाही, दुसरी भाकरी थापायला घेतली. पुण्यात दीड वर्ष मी त्या 'का'ला उत्तरं देऊन दमले होते. त्या भाकरीवर माझ्या डोळ्यांतलं पाणी पडलं.

नर्मदा समुद्राला मिळते तिथे, विमलेश्वरला, भरतीची वाट पाहत थांबलो. तिथून होडीने समुद्रातून मिठी तलाईला उतरायचं, की उत्तर तट सुरू. तोवर उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख काळंनिळं होऊन निघालं होतं. गरुडेश्वरला टेंबे स्वामींच्या समाधीपाशी बसून पट्टी बदलली. पुढचे दोन महिने कधी सोबत, कधी एकटी. अमरकंटकला उगमाला वळसा घालून परत दक्षिण तटावर आले. तिथलं कुंड पाहून वाटलं, भडोचकडे जिचा पलीकडचा काठ धड दिसत नव्हता, ती हीच.

118 व्या दिवशी ओंकारेश्वरला कुपीतलं पाणी वाहिलं. इतके दिवस जे पात्र ओलांडलं नव्हतं, त्यावरच्या पुलावरून अलीकडे-पलीकडे दोनदा फिरले, उगीच.

एप्रिलमध्ये तारीख होती. निर्णय कायम आहे का, असं विचारलं. "हो," मी म्हटलं. त्यानेही म्हटलं, किंचित थांबून.

बाहेर बाकावर आम्ही थोडा वेळ बसलो. त्याचं लक्ष माझ्या पायाकडे गेलं. "नख कधी गेलं?" "गुजरातेत." वाकून त्याने नीट पाहिलं. "नवीन येतंय," म्हणाला.