करडीची घरघर

९ जानेवारी, रात्र

आत्ताच खुराड्याकडून आले. चुलीशी बसले तरी बोटं आखडलेलीच आहेत. चार दिवस झाले, उत्तरेचं वारं हटत नाही. गव्हा-हरभऱ्याला ही थंडी मानवते, शेतात सगळे खूश आहेत. माझा जीव मात्र दिवस कलला की अकरा कोंबड्यांत अडकतो.

माझ्या हातून झालेली चूक आज लिहून ठेवतेय, म्हणजे पुढच्या हिवाळ्यात पुन्हा होणार नाही.

डिसेंबरात थंडीची पहिली लाट आली तेव्हा मी खुराडं चहूबाजूंनी ताडपत्रीनं बांधून टाकलं. छताखाली फट दिसली तिथं पोतं कोंबलं. लेकरांना गोधडीत गुंडाळल्यावर वाटतं तसं समाधान वाटलं. आठवडाभरात करडी कोंबडी तोंड उघडून श्वास घ्यायला लागली. डोळ्याच्या कोपऱ्यात फेस, नाकाशी चिकट, आणि रात्री दाराबाहेर ऐकू येईल अशी घरघर. मला वाटलं थंडीच बाधली. मी आणखी एक पोतं लावलं.

आत्याबाई शेतातून आल्या, दार उघडून वाकल्या आणि मला म्हणाल्या, "खाले बैस बरं, कोंबडीइतली." बसले. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. उभ्यानं मला ज्याचा पत्ताही नव्हता, तो वास जमिनीपासून वीतभर उंचीवर नुसता झोंबत होता. ताडपत्रीला आतून हात लावला तर थेंब ओघळून कोपरापर्यंत आले. "वारं लागू देवानं नही, पन हवा कोंडानी नही," एवढंच बोलल्या आणि स्वतःच पोती ओढून काढली.

डॉक्टरांनी नंतर उलगडून सांगितलं. कोंबडीचं अंग मुळातच ४१ अंशांच्या आसपास गरम. पिसं फुगवून ती मधे हवा धरते, तीच तिची गोधडी. अंग कोरडं असेल आणि पोट भरलेलं असेल तर आपल्याकडची पाच-सहा अंशांची रात्र मोठी कोंबडी काढते. पण रात्रभर त्यांच्या श्वासाची वाफ, खाली विष्ठा, आणि बाहेर जायला वाट नाही. ओल्या विष्ठेतून अमोनिया सुटतो, श्वासनळीचं आतलं अस्तर त्यानं सोलवटतं, मग रोगाला आयतं दार मिळतं. म्हणजे करडीला थंडीनं नाही, मी आजारी पाडलं. हे कळलं त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

तिला वेगळ्या डालग्याखाली ठेवलं. औषध दिलं, आणि सांगितलेले दिवस भरेपर्यंत तिचं अंडं घरात घ्यायचं नाही. रानीखेत या कोंबड्यांच्या रोगावरच्या लसीचा पुढचा डोस राहिलाय, पण तो सगळ्या बऱ्या झाल्यावरच. मान टाकलेली कोंबडी दिसली की पोटात गोळा येतो. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू निघाला, देशातला पहिलाच, आणि २०२१ साली पुन्हा तिथंच. एकदम दोन-चार पटापट मेल्या तर त्या कापायच्या नाहीत, उकिरड्यावर टाकायच्या नाहीत, तडक गुरांच्या दवाखान्यात कळवायचं, हे आमच्या घरात पोरांनासुद्धा पाठ आहे.

आता ताडपत्री फक्त उत्तरेला, तीही कोंबड्या बसतात तिथपर्यंतच. छताखाली वीतभर मोकळं. ऊन चढलं की सगळं वर गुंडाळते. खाली भुईमुगाच्या टरफलांचा चार बोटं थर. रोज सकाळी मूठभर घेऊन दाबते. गोळा झाला की तेवढी जागा उचलून कोरडी टरफलं टाकते. बसायला गोल काठी होती, तिथं रुंद फळी ठोकली, म्हणजे पाय पोटाखाली झाकून बसतात. पाण्याचं भांडं रात्री बाहेर, कारण अंधारात त्या पीत नाहीत, सांडतं मात्र नक्की. पहाटे कोमट पाणी. दिवस मावळताना मक्याचा भरडा आणि थोडी दादर ज्वारी, भरल्या पोटानं रात्र उबेत जाते.

अंडी कमी झालीत. दिवसच जेमतेम अकरा तासांचा, आणि कोंबडीला भरपूर अंडी द्यायला चौदा-एक तास उजेड लागतो. बल्ब लावा असं दोघातिघांनी सुचवलं. पिल्लं असती तर पहिल्या आठवड्यात ३५ अंशांची ऊब द्यावीच लागली असती, बल्बाशिवाय भागलं नसतं. या मोठ्या आहेत. पिसं झडून नवी आलीत, अंगाची झीज भरू दे. मला अंड्यांची घाई नाही.

मघाशी झोपायच्या आधी डालग्याजवळ कान लावून बसले. घरघर होती, पण थांबून थांबून. पंखाखाली हात घातला तर ऊबदार, कोरडं. तळहातावर मक्याचे पाच दाणे धरले. करडीनं मान वाकडी करून पाहिलं आणि तीन टिपले.